नौपाड्यातला जुना फ्लॅट विकण्याआधी स्वयंपाकघर नवीन करावं का?

नका करू. दलालाने सांगितलेले तीन लाख सध्या बँकेतच राहू द्या. त्यातले थोडे गळती थांबवायला लागतील, थोडे वायरिंगला आणि थोडे वकिलाला. मॉड्युलर किचनला एक रुपयाही नको.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: ठाण्यात, नौपाड्यातल्या घंटाळीच्या बाजूला १९८७ च्या इमारतीत शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर वडिलांचा वन बीएचके आहे. वडील गेले, आई तुमच्याकडे पुण्याला आली, बहीण बदलापूरला असते आणि घर गेले कित्येक महिने बंद आहे. दलालाचं म्हणणं, किचन, पीओपीचं सीलिंग आणि वॉर्डरोब केल्याशिवाय भाव येणार नाही. मी आणि माझा भाऊ ठाण्यात घरदुरुस्ती आणि रंगकामाची कामं घेतो. त्यातली बरीचशी नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागातल्या अशाच जुन्या घरांची असतात. नवीन किचन केलंत तर ते काम आमच्यासारख्यांनाच मिळेल, तरी सांगते, करू नका.

कारण असं की नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं जुनं घर घेणारा माणूस तुमच्या ट्रॉल्यांसाठी येत नाही. तो येतो चालत स्टेशन गाठता येतं म्हणून, गोखले रोड आणि राम मारुती रोड हाकेच्या अंतरावर आहेत म्हणून, मुलांची शाळा जवळ आहे म्हणून. आणि उद्या इमारत पुनर्विकासाला जाईल हेही त्याच्या मनात असतं. ज्याला राहायचंय तो स्वयंपाकघर स्वतःच्या मनासारखं तोडून करणार. जो पुनर्विकासाकडे डोळे लावून घेतोय त्याला त्या किचनचं काहीच देणंघेणं नाही. दोघांकडूनही तुमचा खर्च वसूल होत नाही. कडाप्प्याचा ओटा घासून लखलखीत करा, टाइल्सचे काळे पडलेले सांधे नव्याने भरून घ्या, सिंकचा नळ बदला. एवढं पुरे.

आता पाणी. शेवटचा मजला म्हटल्यावर येणारा प्रत्येक जण दारातून आत पाऊल टाकताच वर बघतो. छताला पिवळट डाग, पोपडे किंवा पांढरे क्षार फुटलेले दिसले की त्याच्या डोक्यातला भाव तिथेच खाली येतो. ताजा पांढरा रंग आणि फक्त एका कोपऱ्यात नवी पुट्टी दिसली, तर तो आणखी खाली येतो, कारण काहीतरी झाकलंय हे त्याला कळतं. पीओपीचं सीलिंग तर अजिबात नको. एक तर जुन्या घरांची उंची हीच जमेची बाजू असते, ती घालवून बसाल. शिवाय शेवटच्या मजल्यावर नवं सीलिंग दिसलं की जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "वर गळतं का?"

तुमच्या छताला ओल असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमांमध्ये, हे स्पष्ट आहे. शेवटच्या मजल्यावरचे कितीतरी लोक वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून डांबर ओतत राहतात. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग छत वाळू द्यायचं, मग गिलावा, मग रंग. हा क्रम उलटा केला की पुढच्या पावसाळ्यात सगळं परत फुगतं.

बाथरूमची ओल मात्र तुमची जबाबदारी. ती तपासायला सोपी आहे. न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे जाळीखाली पाणी जायच्या भांड्याचं, तोंड कापडाने घट्ट बंद करा, फरशीवर दोनेक बोटं पाणी साठवा आणि एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. कोरडं असेल तर निश्चिंत व्हा. ओलं असेल तर ते आत्ताच करून घ्या, कारण घर विकायला निघालंय हे कळलं की खालच्यांची तक्रार सोसायटीच्या ना-हरकत पत्राच्या आड नक्की येते.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही याच भागात शेवटच्या मजल्यावरचं एक घर केलं. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर जुना ओलीचा डाग होता. बाहेरची भेग भरून झाली होती, भिंत पूर्ण वाळली होती, तरी त्यांनी आम्हाला तेवढाच दोन-अडीच फुटांचा पट्टा रंगवू दिला नाही. बाकी घर स्वच्छ पांढरं आणि मध्ये तो जुना डाग. बाजूच्या टेबलावर सोसायटीला दिलेलं पत्र, कामाचं बिल आणि पावसाळ्यातले फोटो. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी आधी बोटांच्या पेरांनी ती भिंत ठोकून बघितली, मग तळहात टेकवून, मग कागद वाचले. व्यवहार त्यांच्याशीच ठरला आणि भिंतीच्या नावाखाली त्यांनी एक पैसाही कमी करायला सांगितला नाही. प्रत्येकाने डाग ठेवावा असं मी म्हणत नाही. पण काम खरं केलं असेल तर त्याचा पुरावा दाखवता येतो आणि तो रंगापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

घर महिनोन्महिने बंद आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. न्हाणी ट्रॅपमध्ये आणि कमोडच्या भांड्यात जे पाणी साठलेलं असतं तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास थेट घरात येतो. लोकांना वाटतं घराला कुबट वास लागलाय, मग उदबत्त्या लावतात. त्याऐवजी बाथरूम, संडास, मोरी, सिंक सगळीकडे बादलीभर पाणी ओता. दलालाला किल्ली देणार असाल तर त्यालाही हे सांगून ठेवा. बघायला कोणी यायचं असेल त्या दिवशी सकाळीच खिडक्या उघडल्या पाहिजेत. दुपारी गिऱ्हाइकासमोर कुलूप काढून उघडलेलं घर कोंदटच वाटतं.

नळ सोडल्यावर सुरुवातीला तांबूस पाणी येत असेल तर आतल्या जीआय, म्हणजे लोखंडी पाइपांना गंज चढलाय. निदान स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांची, करून घ्या. मीटरजवळ अजून फ्यूज असतील तर बिघाड होताच वीज आपोआप तोडणारे एमसीबी आणि ईएलसीबी बसवा, आणि बेडरूममध्ये एसीसाठी स्वतंत्र पॉइंट काढा. ट्यूबलाइट एकाच रंगाच्या असू द्या. हे खर्च छोटे आहेत, पण लोक नळ सोडून आणि बटणं दाबून बघतात.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळीकडे एकच फिका रंग, छत पांढरं, दारांना ऑइल पेंट. टेक्स्चरची भिंत नको.

घर रिकामं करणं हे सगळ्यात जड काम, आणि ते पैशाने होत नाही. नौपाड्यातल्या घरांचे माळे मला चांगले माहीत आहेत. गाद्या, पाट, चौरंग, तांब्याचा बंब, गौरी-गणपतीचं मखर, भावंडांच्या बारशाची भांडी, कुणाची तरी सायकल. तुम्ही दोघांनी रविवारी येऊन भंगारवाल्याला बोलावून उरकू नका. आईला एकदा घेऊन या. घर तिने चालवलंय, काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे तिला ठरवू द्या. ती येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर एकेक डबा दाखवा. वेळ लागेल, लागू द्या. देव आधी तिच्याकडे पोहोचवा आणि मग देव्हारा काढून त्यामागची तेलकट भिंत साफ करून घ्या. ग्रिलमधल्या गंजक्या कुंड्या आणि रिकामे डबेही काढा. शेजारची इमारत खेटून असेल तर उजेड तेवढ्या एका खिडकीतूनच येतो. पलंग आणि दोन खुर्च्या ठेवल्या तर चालेल, खोलीचा अंदाज येतो.

आता कागद, कारण गाडं अडतं ते इथेच. भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, वडिलांच्या नावावर आहे आणि आई नॉमिनी आहे असं तुम्ही लिहिलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांचा वाटा सारखा. म्हणजे विक्रीच्या करारावर तिघांच्या सह्या हव्यात, नाहीतर दोघांनी तिसऱ्याच्या नावे हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हवं. बहिणीशी हे आत्ताच, मोकळेपणाने बोला. गिऱ्हाईक टोकन घेऊन समोर बसलेलं असताना नको.

वडिलांचा मूळ करार शोधा आणि त्यावर किती मुद्रांक शुल्क भरलंय ते बघा. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या करारनाम्यावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू झालं, पण त्यानंतरही बरेच करार किरकोळ मुद्रांकावर झाले आणि नोंदवलेच गेले नाहीत. तुमची इमारत नेमकी त्या काळातली आहे. कमी पडलेलं शुल्क दंडासह भरता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि तोपर्यंत खरेदीदाराची बँक कर्ज अडवून धरते. करारातलं क्षेत्रफळ बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, असेल. स्वतः टेप लावून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, मोजा आणि दोन्ही आकडे सांगा, कारण बँकेचा मूल्यमापक येऊन मोजणारच आहे.

उपविधींनुसार विक्रीला सोसायटीचं ना-हरकत पत्र बंधनकारक नाही, पण बँक ते मागते. म्हणून देखभाल खर्चाची थकबाकी आधी भरून टाका. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि महापालिका क्षेत्रात सोसायटीला द्यायचा हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. 'इमारत निधी'च्या नावाखाली कोणी त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार तुमच्या आयकरापोटी १ टक्का टीडीएस कापेल. तिघांचंही पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, ते आधी बघा.

पुनर्विकासाबद्दल दलाल गिऱ्हाइकाला "दोन वर्षांत टॉवर" सांगेल. तुम्ही सांगू नका. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) प्रमाणे पुनर्विकासाची सभा झाली का, विकासक नेमला का, हे सचिवांना विचारा आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत जवळ ठेवा. विकासकाशी करार झाला असेल तर विकासकाकडून येणारं भाडं आणि कॉर्पस (एकरकमी पैसे) कोणाला मिळणार हे विक्रीच्या करारात लिहून घ्या.

वेळेचं म्हणाल तर आत्ता पाऊस आहे, रंग काढू नका. एखाद्या मुसळधार दिवशी ठाण्याला या आणि घरभर फिरून जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा, तारखेसह फोटो घ्या. गच्चीच्या पत्रासाठी तोच पुरावा. पितृपक्षात कोणी घर बघायला येत नाही, तेवढ्यात माळा रिकामा होईल. दसऱ्याच्या सुमाराला चौकशा सुरू होतात, पण दिवाळीआधी चांगले रंगारी मिळणं कठीण, म्हणून त्यांना आत्ताच सांगून ठेवा. वकिलाकडे मात्र याच आठवड्यात जा.