मुलायम कशाला म्हणावे?

प्रश्न : पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने निबंधात ‘नदीकाठी मला एक मुलायम गोटा सापडला’ असे वाक्य लिहिले. शिक्षिकांनी ‘मुलायम’ शब्दाखाली रेघ ओढून वर ‘गुळगुळीत’ असे लिहिले. मुलगी मात्र म्हणते, ‘तो हाताला मुलायमच लागत होता.’ तिचे खरोखर चुकले आहे का? मऊ, मुलायम आणि गुळगुळीत यांत नेमका फरक कोणता?

उत्तर : शिक्षिकांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे, तरीही आपल्या मुलीच्या बोटांना जे जाणवले ते खोटे नाही.

एखादी वस्तू हाताला कशी लागते हे आपण दोन तऱ्हांनी पाहतो : तिच्यावरून बोटे फिरवतो किंवा ती दाबून बघतो. बोटे कुठेही न अडखळता फिरली, तर ती वस्तू गुळगुळीत. दाबल्यावर दबली, तर मऊ. काच गुळगुळीत असते, पण मऊ नसते. कापूस मऊ असतो, पण त्याला कोणी गुळगुळीत म्हणत नाही. ‘मुलायम’ म्हणण्यासाठी मात्र हे दोन्ही गुण एकत्र असावे लागतात, म्हणून तो शब्द रेशमाला, मखमलीला, तान्ह्या बाळाच्या गालाला किंवा मांजराच्या पोटावरच्या लवेला शोभतो. रात्री डोक्याखाली घेतो त्या उशीचेच पाहा : आतला कापूस मऊ आणि त्यावरचा रेशमी अभ्रा मुलायम. गोटा कितीही घासला गेला तरी दबत नाही, म्हणून तो गुळगुळीतच.

‘मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये’ या म्हणीत ‘मऊ’च्या जागी ‘मुलायम’ घालून पाहा. म्हण लगेच कोलमडते, कारण खणण्याचा संबंध दाबण्याशी आहे, हात फिरवण्याशी नाही.

या शब्दांची कुळेही वेगळी आहेत. संस्कृत ‘मृदु’ प्राकृतात ‘मउ’ झाला आणि त्यातून आपला ‘मऊ’ आला. ‘मृदू’ हा शब्द आपण पुढे संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा घेतला, त्यामुळे हे दोघे एकाच घरातले. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहालांपासून वेगळे झाले ते ‘मवाळ’ही याच घरातले. ‘मुलायम’ मूळचा अरबी असून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्या अरबी शब्दाचा अर्थ ‘अनुकूल, जुळणारा’ असा आहे. स्पर्शाचा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि मला वाटते की त्या जुन्या अर्थाची छटा अजून पुसलेली नाही. स्पर्शाबद्दल बोलताना ‘मुलायम’ नेहमी कौतुकानेच येतो. ‘मऊ’चे तसे नाही. पापड मऊ पडला, ही तक्रार असते. तो मुलायम पडला असे कोणी म्हणत नाही. (हट्ट सोडणारा माणूस मात्र मऊ पडत नाही, तो नरम पडतो.)

व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही शब्द सोपे आहेत : मुलायम केस, मुलायम साडी, मुलायम कापड, असे ते लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. भाववाचक नाम करताना ‘मुलायमता’ऐवजी ‘मुलायमपणा’ लिहावे असे मी सुचवेन, कारण ‘ता’ हा प्रत्यय संस्कृत शब्दांना अधिक शोभतो.

आता पुन्हा त्या गोट्याकडे वळू. तिने ‘गोटा इतका गुळगुळीत होता की तो हाताला रेशमासारखा मुलायम लागला’ असे लिहिले असते, तर त्याखाली रेघ ओढण्याचे कारण उरले नसते. ‘होता’ म्हटले की गोट्याचा गुण सांगितला जातो आणि ‘लागला’ म्हटले की हाताचा अनुभव. आपल्या मुलीला सांगायचा होता तो हा दुसरा.