कपाटावर चढणारी मुलगी

"मॅडम, हे माणसाचं पोर आहे की माकडाचं, तेवढं एकदा सांगा." आई हसतच म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. पाच वर्षांची लेक तोवर माझ्या टेबलाखालून पलीकडे जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर पोचली होती.

आदल्या आठवड्यात तिने कपाटाचे खण ओढून त्यांच्या पायऱ्या केल्या होत्या. चार खण उघडल्यावर कपाटच पुढे आलं. आजी शेजारी होत्या म्हणून निभावलं. शेजारच्या काकूंनी "हायपर आहे, गोळ्या सुरू करा" असं निदानही करून टाकलं होतं. हीच धास्ती घेऊन अनेक आईबाबा माझ्याकडे येतात.

मी विचारलं, "ही शांत कधी बसते?"

"कधीच नाही," आई.

बाबा जरा वेळाने म्हणाले, "तळजाईच्या टेकडीवर मुंग्यांची रांग बघत बसली होती की. वीसेक मिनिटं. आपणच कंटाळलो."

मला हे उत्तर हवं होतं. पण एवढ्यावरून "काही नाही हो, खेळकर आहे" असं म्हणून घरी पाठवणंही बरोबर नाही. आवडीच्या गोष्टीत रमणाऱ्या मुलालाही अतिचंचलतेचा विकार (एडीएचडी) असू शकतो. ते ठरवताना लक्षणं किमान सहा महिने टिकून आहेत का, घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसतात का आणि त्यामुळे रोजचं अडतंय का, हे पाहावं लागतं. शिवाय या वयात निदान झालं तरी सुरुवात सहसा गोळ्यांनी होत नाही, पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देऊन होते. शाळेतल्या बाईंना मी प्रश्नावली पाठवली. उत्तर आलं: चुळबुळ फार, पण गोष्ट सांगताना पुढे येऊन बसते, आपली पाळी आली की थांबते.

मग दिवसाचा हिशेब मांडला. झोप रात्री अकराला, शाळेसाठी उठणं साडेसहाला. म्हणजे साडेसात तास. या वयाला दहा तास तरी हवेत. अपुरी झोप झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल मात्र उधळतं, आणि घरच्यांना वाटतं, बघा, अजून किती दम शिल्लक आहे! जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. हिच्या वाट्याला सोसायटीच्या पार्किंगमधली पंधरा मिनिटं येत होती, तीही "गाडीला हात लावू नकोस" ऐकत.

इथे माझी एक चूक झाली. मी कराटेचा क्लास सुचवला. तिथे तासातली चाळीस मिनिटं रांगेत उभं राहायचं होतं! तिसऱ्या दिवशी ती खांबावर चढली आणि सरांनी हात जोडले.

शेवटी उपयोगी पडली ती टेकडी. बाबांनी कामाची वेळ थोडी सरकवली आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी तिला वर न्यायला लागले. नियम दोनच. जिथे स्वतःहून चढता येईल तिथेच चढायचं, कुणी उचलून वर ठेवणार नाही. (उचलून ठेवलेल्या मुलाला आपण तिथवर कसे आलो हे माहीतच नसतं, त्यामुळे उतरता येत नाही.) आणि उतरताना तोंड दगडाकडे, पाय आधी. आईला मी "सांभाळ, पडशील!" हे शब्द महिनाभर बंद करायला सांगितले. त्याऐवजी विचारायचं, "आता पाय कुठे ठेवशील?" पहिल्याने पोरगी दचकते, दुसऱ्याने ती खाली बघते. आईला हे फार जड गेलं. पहिल्या दिवशी ती दगडाकडे पाठ करून उभी राहिली होती म्हणे.

गॅलरी, रस्ता आणि पाणी या तीन ठिकाणी मात्र वाटाघाटी नाहीत. गॅलरीतलं स्टूल त्याच दिवशी हलवायला लावलं. खरचटणं परवडतं, तिसऱ्या मजल्यावरून पडणं नाही.

आजींनी आपल्या मनाने एक भर घातली. कुंड्यांना पाणी घालायची लहान बादली नातीकडे दिली, कणीकही तिच्याकडून तिंबून घ्यायला लागल्या. हातापायांना ओढ बसेल असं जड काम अशा काही मुलांना स्थिरावतं असं मानतात, पण हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. बादलीतलं अर्धं पाणी फरशीवर जातं, ते पुसायचं कामही तिचंच.

तीन महिने झाले. झोप नवाच्या आसपास आली आहे. गुडघे कायम सोललेले. चढणं थांबलेलं नाही, ते थांबवायचंही नव्हतं. शाळेची प्रश्नावली सहा महिन्यांनी पुन्हा भरून घेणार आहे, कारण वर्गात बसायचा वेळ वाढला की चित्र बदलू शकतं. आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करा, हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. परवा फोनवर विचारलं, तर बाबा म्हणाले, "या रविवारी नक्की."