शेजारच्या भूखंडाचे तुकडे पडण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दहिसर पूर्वेला, १९८८ साली बांधलेल्या चार मजली इमारतींच्या सोसायटीत राहतो. आमच्या मागच्या कुंपणभिंतीला लागून साधारण अडीच एकरांची खाजगी जमीन आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत तिथे भात होत असे. आता गवत, काही आंबे व जांभळी, दोन जुन्या चिंचा आणि एक बांधीव विहीर एवढेच उरले आहे. आमच्या आवारातले पावसाचे पाणी भिंतीखालच्या मोऱ्यांतून त्याच जमिनीत उतरते आणि पलीकडच्या ओहोळाने नदीकडे जाते. या जमिनीचे बारा निवासी भूखंड पाडण्याचा प्रस्ताव महापालिकेकडे गेल्याचे आम्हाला कळले आहे, आणि गेल्या महिन्यापासून रात्री डंपर येऊन राडारोडा टाकत आहेत. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल, म्हणून परवानगी देऊ नये’ असे पत्र आम्ही १४० सह्यांनिशी दिले. उत्तर आलेले नाही. काही सभासद म्हणतात, जमीन त्यांची, आपण कोण विचारणारे? आम्हाला हरकत घेण्याचा हक्क आहे का, आणि ती कशी मांडावी?
— सोसायटीचे सचिव, दहिसर (पूर्व)

उत्तर : अप्रिय भाग आधी सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये जमिनीचे विभाजन आणि अभिन्यास (म्हणजे भूखंड, रस्ते, खुली जागा यांची आखणी, ले-आउट) यांचा समावेश ‘विकास’ या संज्ञेत केलेला आहे; त्यामुळे त्यासाठी परवानगी लागते. ती देताना शेजाऱ्यांना बोलावून त्यांची सुनावणी घेण्याची तरतूद मात्र त्यात नाही, आणि परवानगीच्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची वाटही अर्जदारासाठीच आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर जनतेच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात, परंतु आराखड्याला धरून केलेल्या विभाजनाला ते लागू नाही. तेव्हा ‘परवानगी देऊ नये’ या मागणीला १४० सह्यांनी वजन येत नाही, आणि सह्या १,४०० झाल्या असत्या तरी आले नसते. ज्या मुद्द्याची तपासणी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे असा एकच मुद्दा, मोजमापासह मांडलेला असेल, तर तो एकाच सहीने फायलीत शिरतो आणि पुढे काही वाद झाला तर ‘आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते’ असे कुणालाही म्हणता येत नाही.

आपल्याकडे असा मुद्दा आहे, आणि तो पाण्याचा आहे. अडीच एकर म्हणजे सुमारे १०,१०० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एवढ्या जमिनीवर एका तासात पाच लाख लिटर पाणी पडते. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरून आखलेल्या होत्या. मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरील १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली आणि मुरणारे पाणी शून्य धरले, म्हणजे पडेल तेवढे सगळे वाहणारच. आपल्या मागच्या जमिनीत निम्मे पाणी मुरते असे मानले, तर तिच्यावर रस्ते, जोती आणि पेव्हर ब्लॉक आल्यावर त्याच पावसात तासाला अडीच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर, जादा पाणी ओहोळात येईल. शिवाय भाताचे खाचर पाणी मुरवते त्याहून अधिक अडवून धरते. वीतभर बांध शाबूत असतील तर एवढ्या क्षेत्रात पंधरा लाख लिटरहून अधिक पाणी काही तास थांबू शकते आणि नदी उतरू लागल्यावर सावकाश निघून जाते. बांध अजून टिकून आहेत की फुटले आहेत हे आपण प्रत्यक्ष जाऊन पाहावे, कारण फुटले असतील तर हा युक्तिवाद तेवढ्यापुरता कमी करावा लागेल.

बहुतेक पत्रांत २६ जुलै २००५ चा उल्लेख असतो आणि आपल्याही पत्रात तो असणार. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या आवारात तेव्हा पाणी शिरले असेल तर त्याची आठवण खरी आहे, पण पुरावा म्हणून ती दुबळी आहे, कारण तेवढ्या पावसात कुठलाच नाला पुरा पडत नाही हे अर्जदाराचा अभियंता एका वाक्यात सांगून मोकळा होईल. त्यापेक्षा दर जुलैत येणाऱ्या साध्या जोरदार पावसाबद्दल लिहावे. सोसायटीच्या इतिवृत्तांत पाणी उपसण्याच्या पंपाचा खर्च मंजूर केल्याच्या नोंदी असतील, तळमजल्याच्या भिंतींवर ओलीच्या रेषा असतील, तारखेसह छायाचित्रे असतील. हे सगळे एकत्र करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या सर्वेक्षकाकडून आपल्या आवाराची, भिंतीखालच्या मोऱ्यांची, त्या जमिनीची आणि ओहोळाच्या तळाची लेव्हल मोजून घ्यावी. भरणी पूर्ण झाल्यानंतर जमीन पूर्वी किती खाली होती हे सिद्ध करणे फार अवघड होते, आणि रात्रीच्या डंपरांचा खरा धोका तोच आहे. रस्ता दर डांबरीकरणाला चढत जातो आणि जुनी सोसायटी खड्ड्यात बसते, हा अनुभव उपनगरांत कुणाला नाही? आपल्याकडे पुढून रस्ता आणि मागून भराव, अशी गत होईल.

याला कायद्याचा आधार जुना आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधील एका उदाहरणानुसार, वरच्या जमिनीवर पडणारे पाणी ठरावीक प्रवाहाविना नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत वाहत असेल, तर खालच्या जमीनमालकाने ते वाहू द्यावे, असा वरच्या मालकाचा हक्क आहे. आपली जमीन वरची आहे. ‘आपण कोण विचारणारे’ असे म्हणणाऱ्या सभासदांना हे कलम वाचून दाखवावे. मोऱ्यांतून एकवटून सोडलेले पाणी या व्याख्येत किती बसते हा वादाचा विषय होऊ शकेल, म्हणून मोऱ्या केव्हापासून आहेत आणि मूळ मंजूर नकाशात त्या दाखवल्या आहेत का, हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. विभाजनाचा टप्पा हा कागदी व्यवहार वाटतो, आणि लोक पहिली इमारत उभी राहू लागल्यावर जागे होतात. तोवर महत्त्वाची मोजमापे होऊन गेलेली असतात. मुंबईच्या नियमावलीप्रमाणे १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात ठरावीक प्रमाणात खुली जागा सोडावी लागते आणि क्षेत्र वाढेल तसे हे प्रमाण वाढते. १९९१ च्या नियमावलीत ते १५ टक्क्यांपासून, १०,००० चौरस मीटरवरील भूखंडांसाठी २५ टक्क्यांपर्यंत होते. सध्याच्या, म्हणजे २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्यासोबतच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतले कोष्टक आपण स्वतः पाहावे. ही खुली जागा संपूर्ण अडीच एकरांवर मोजली गेली पाहिजे. सुटा सुटा प्रत्येक तुकडा हजार चौरस मीटरच्या आतला असल्याने, विभाजनाच्या वेळी जे सुटले ते नंतर कुठल्याही एका भूखंडाकडून मागता येणार नाही. ती जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरच्या, म्हणजे वाहनतळासारख्या खालच्या मजल्यांच्या छतावरच्या, बागेने ती भरून निघत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये १९९१ च्या नियमावलीसंदर्भात दिलेला आहे. नकाशात ती कुठे दाखवली आहे तेही पाहावे. पुष्कळदा ती कोपऱ्यातल्या वेड्यावाकड्या पट्ट्यात ढकललेली असते; आपल्या दृष्टीने ती आपल्या भिंतीलगत आणि ओहोळाच्या काठाने असावी, म्हणजे पाण्याला वाट राहील आणि चिंचाही वाचतील.

पर्यावरण मंजुरीचेही असेच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते, आणि त्यात फक्त चटई क्षेत्र न धरता तळघर, वाहनतळ असे सर्व आच्छादित बांधकाम मोजले जाते. बारा स्वतंत्र इमारतींपैकी एकही या मर्यादेजवळ जाणार नाही, सगळ्यांची बेरीज मात्र जाऊ शकते. तेव्हा बारा भूखंड खरोखर बारा जणांना विकले जाणार आहेत की एकच विकासक एकाच योजनेचे तुकडे दाखवत आहे, हा प्रश्न आजच लेखी विचारून ठेवावा. मंजुरी लागलीच, तरी या प्रकारच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले असल्याने कुणी आपल्याला बोलावेल याची वाट पाहू नये. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे, ३० दिवसांत अपील करावे लागते आणि पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते. त्यानंतर दार बंद होते.

झाडांबाबत थोडक्यात. तोडण्याचा अर्ज आला की वृत्तपत्रातून जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही ती चिकटवावी लागते. हरकतीसाठी मिळणारे दिवस थोडे असतात, म्हणून कुणीतरी त्या चिंचांवर रोज नजर ठेवावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा अधिक वयाचा वृक्ष वारसा वृक्ष ठरतो आणि तो तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. चिंचा तेवढ्या जुन्या असतील तर खोडाचा घेर मोजून, छायाचित्रासह, वृक्ष प्राधिकरणाला आजच कळवावे. जमीन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या, ५ डिसेंबर २०१६ ला अधिसूचित झालेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येते का, हेही नगर भूमापन क्रमांकावरून तपासावे. येत असेल तर प्रकरणाचे स्वरूपच बदलते.

कागद मिळवण्यासाठी महापालिकेकडून त्या जमिनीचे विकास आराखडा अभिप्राय, म्हणजे आराखड्यात ती जमीन कशासाठी दाखवली आहे हे सांगणारा कागद, घ्यावेत. ते कुणालाही शुल्क भरून मिळतात. त्याचबरोबर माहिती अधिकाराखाली प्रस्तावित अभिन्यास, पर्जन्य जलवाहिन्या खात्याचे अभिप्राय आणि जमिनीच्या पातळ्यांचा नकाशा मागावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, पण अर्जात फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करावी, कारण नकाशा प्रतीत वाचता येईलच असे नाही. राडारोड्याची तक्रार मात्र याच्याशी न जोडता, तारीख, वेळ आणि डंपरच्या क्रमांकासह विभाग कार्यालयात स्वतंत्रपणे करावी.

आणि एक विनंती. आपल्या पत्राच्या मसुद्यात डोंगराचे दिसणारे दृश्य, वाढणारी वाहने, बिबट्याचा वावर आणि ‘बाहेरच्या लोकांची वर्दळ’ असे मुद्दे असतील तर ते काढून टाकावेत. बिबट्यामुळे बातमी होते, पण अभिन्यासाच्या छाननीत त्यासाठी रकाना नसतो. आणि आपली सोसायटीदेखील १९८८ साली कुणाच्या तरी शेतावरच उभी राहिली, हे पलीकडची बाजू पहिल्याच भेटीत ऐकवणार आहे. नव्या पत्रात मागण्या तीनच असाव्यात : भरणीची कमाल पातळी आपल्या मोऱ्यांच्या खाली ठेवावी, ओहोळाची रुंदी कायम राखून आपल्या पाण्याची वाट मंजूर नकाशात दाखवावी, आणि खुली जागा संपूर्ण क्षेत्रावर मोजून जमिनीवरच सोडावी.

प्रश्न : मी याच्या उलट बाजूला आहे. मुलुंडला आमची वडिलोपार्जित जमीन असून आम्हा चार भावंडांत ती वाटून घ्यायची आहे. शेजारच्या सोसायटीने पर्यावरणाच्या नावाखाली तक्रार केली आहे. खरे कारण असे, की त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे आमच्या जागेत उभ्या राहतात. काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : गाड्यांचा विषय वेगळा काढून त्याबद्दल स्वतंत्र पत्र द्यावे, दोन्ही विषय एकत्र राहिले तर त्यांच्या तक्रारीतला खरा भागही आपल्याला दिसणार नाही. तक्रार पाण्याची असेल तर त्यांच्या एका प्रतिनिधीला सोबत घेऊन दोन्ही आवारांच्या पातळ्या एकाच सर्वेक्षकाकडून मोजून घ्याव्यात आणि सामाईक भिंतीवर रंगाची रेघ ओढून दोघांनी सह्यांचा कागद करावा. खर्च निम्मा-निम्मा ठरवता आला तर उत्तम, नाहीतर आपण सोसावा. पुढची दोन वर्षे एकमेकांच्या अर्जांना उत्तरे देण्यापेक्षा तो स्वस्त पडेल. त्यांचे पाणी आपल्या जमिनीतून जात असेल तर ती वाट वाटणीच्या नकाशातच दाखवावी, नाहीतर ती चार भावंडांपैकी एकाच्याच वाट्यात जाईल आणि पुढचा वाद शेजाऱ्यांशी न होता घरातच होईल. हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात उरकावे.