कूलरच्या बटणावरची चिकटपट्टी

"मॅडम, विजेच्या बिलावरून घर मोडायची वेळ आली म्हटलं तर तुम्ही हसाल." समोर बसलेल्या मुलीचं हे पहिलं वाक्य. मी हसले नाही. मी समुपदेशक; एप्रिल ते जून नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरगुती भांडणांत कुठे ना कुठे कूलर, एसी नाहीतर बिल असतंच. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील मी बदलले आहेत.)

तिची अडचण थोडक्यात अशी. घरात सासू, सासरे, नवरा, ती आणि पाच वर्षांचा मुलगा. नवरा बुटीबोरीला एका कारखान्यात. सासरे अडुसष्टचे, गिरणीतून निवृत्त, पेन्शन हजाराच्या थोडी वर. बिल मुलगाच भरतो, पण त्याची धास्ती सासऱ्यांना. रात्री साडेअकराला ते उठतात आणि कूलर बंद करतात. दुपारी तर लावूच देत नाहीत. दोनदा कुणीतरी लावला म्हणून त्यांनी बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली. मुलाच्या पाठीवर घामोळं, सासूबाईंना आठवड्यात दोनदा चक्कर. नवरा गप्प. "मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बोलायची सोय नाही, आणि हे तोंड उघडत नाहीत. आम्ही वेगळं राहावं का?"

वेगळं राहण्याचं नंतर बघू, आधी सासूबाईंचं बघा, असं मी तिला सांगितलं. साठीच्या पुढे तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, आराम देत नाही. म्हणून चक्कर आली की डॉक्टरांना दाखवायचं. बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं, तर अंगावर पाणी मारत सरळ १०८ ला फोन करायचा. तिथे घरातल्या कुणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. ही एक गोष्ट मी वाटाघाटीत ठेवतच नाही.

पुढच्या आठवड्यात सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत लांबट वही. वहीत रोज सकाळी सहाचं मीटर रीडिंग, शेजारी कालच्यातून वजा केलेला आकडा. चार वर्षांचा एकही दिवस सुटलेला नव्हता. मला हिशेब आवडतो, म्हणून मी लगेच त्यातच शिरले. कूलर किती वॉटचा, रात्रभर चालला तर किती युनिट जळतं, असं समजावू लागले. ते ऐकत होते. मग वही मिटून म्हणाले, "तुम्हाला वाटते मला गणित येत नाही," आणि उठून गेले. ती माझी चूक होती. माणूस भीती घेऊन आला होता आणि मी त्याच्यासमोर आकडे ठेवत बसले.

सून त्यांना परत घेऊन आली, हे तिचं मोठेपण. या वेळी मी एवढंच विचारलं, "काका, बिलाची काळजी कधीपासून वाटायला लागली?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग १९९८ सालचं सांगितलं. गिरणीचा पगार रखडलेला, बिल दोन महिने थकलेलं. मुलीची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर. भर दुपारी खांबाला शिडी लागली, लाइनमन वर चढला आणि पाहता पाहता वायर खाली आली. अख्खी गल्ली दारात उभी. "कोणी काही बोललं नाही मॅडम. त्याचंच वाईट वाटलं." मुलीनं कंदिलावर अभ्यास केला. लाइन तीन आठवड्यांनी जोडली गेली, ती बायकोच्या पाटल्या मोडून. पंचवीस वर्षांहून जास्त काळ हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला चिकटपट्टी वेगळी दिसू लागली. हा कंजूषपणा नव्हता. गल्लीसमोर घराची लाज राखायची, हे काम त्यांनी त्या दुपारी स्वतःकडे घेतलं होतं आणि नंतर कुणी त्यांच्याकडून ते परत घेतलंच नव्हतं.

पण म्हणून सासूबाईंच्या चक्करेचं काय? तिसऱ्या भेटीला मी दोघांना एकत्र बोलावलं. काकू सगळा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी विचारलं, दुपारी घरात कसं निभतं? त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी दुपारी घरी राहतच नाही ना. समोरच्या वहिनीकडे जाऊन बसते. त्यांच्याकडे कूलर चालू राहते."

"तू तर कुरडया करायला जाते," काका म्हणाले.

"कुरडया दोन दिवसांत झाल्या जी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा काढला. ज्या गल्लीपासून ते घर झाकत होते, त्याच गल्लीत त्यांची बायको रोज थंडाव्यासाठी जाऊन बसत होती. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं.

आता आकड्यांची वेळ आली होती, आणि काकांनीच ती आणली. "पण तीनशेच्या वर गेलं की सारंच बिल वरच्या दरानं लागते, त्याचं काय?" इथे मला कळलं की महिन्याच्या वीस तारखेनंतर त्यांचा जाच का वाढतो. रीडिंग तीनशेकडे सरकायचं आणि ते घाबरायचे.

हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिला आहे की इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे आहेत: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्यापुढची. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. वापर ३१० झाला तर वरच्या दरानं दहाच युनिट मोजली जातात, आधीची तीनशे आपापल्या जुन्याच दरात राहतात. वरचा दर चांगलाच चढा आहे, हे मी नाकारत नाही. पण तीनशे एकावं युनिट म्हणजे कडेलोट नव्हे.

काकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ते बरंच झालं. घरी जाऊन मागच्या मे महिन्याचं बिल काढलं, टप्प्याटप्प्यानं गुणाकार केला, त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि सोळा टक्के वीज शुल्क मिळवलं, आणि बेरीज जुळली. सून म्हणाली, रात्री साडेबारापर्यंत कागद घेऊन बसले होते आणि कूलर चालू होता. बंद करायचं विसरले.

त्याच कागदाच्या मागे मी पुढच्या भेटीत एक ओळ लिहून दिली. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

मग त्यांची शिस्त मी खऱ्या चोरावर लावायला सांगितली. दोनशे वॉटचा कूलर रात्री आठ तास चालला तर दीड युनिटाच्या आसपास जातं. मग बाकीचं कुठे जात होतं? एका रविवारी बापलेकांनी मिळून घर तपासलं. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं होतं, दारात घातलेला कागद सहज निघत होता, म्हणजे कॉम्प्रेसर थांबतच नसणार. टिल्लू पंप टाकी भरल्यावरही चालू राहायचा. तीन जुने पंखे पंच्याहत्तर वॉटचे, रोज पंधरा तास, म्हणजे दिवसाला सव्वातीन युनिटांहून जास्त. तीस वॉटवाले नवे पंखे बसवले की यातली दोन युनिट वाचतात, महिन्याला साठ. एकदम तिन्ही घ्यायची ऐपत नव्हती. पहिला काकूंच्या खोलीत लागला.

मुलाला छतावर सोलर बसवायचं होतं. सरकारी योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, हे तो पाठ करून आला होता. योजना चांगली आहे, पण घर अजून भावाभावांच्या सामाईक नावावर, आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज लागणार. कर्जाच्या नावानं ज्यांची झोप उडते त्यांच्यावर या उन्हाळ्यात ते लादू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

पैशांचं मात्र एक ठरलं. उन्हाळ्याचे तीन महिने बिल साडेतीन हजारांच्या घरात, बाकी नऊ महिने हजार-अकराशे. वर्षाचं साधारण वीस हजार, बारानं भागलं तर महिन्याला सतराशेच्या आत. मुलगा दर महिन्याला सतराशे रुपये वेगळ्या खात्यात टाकतो, पासबुक काकांकडे. हिवाळ्यात उरलेलं मेमध्ये कामी येतं, आणि त्यांना ते आधीच दिसत राहतं. दिसण्याला त्यांच्या लेखी फार किंमत आहे. भरलेलं बिल त्यांना कधी दिलासा देत नव्हतं, कारण पुढचं यायचंच असायचं.

अशी काळजी घेऊन येणाऱ्यांना मी आता दोनच प्रश्न आधी विचारते. बिलाची भीती घरात नेमकी कुणाला आहे? आणि बचतीचा त्रास कोण सोसतंय? बहुतेक घरांत ही दोन वेगळी माणसं निघतात, आणि सोसणारं माणूस तक्रार करत नाही. सासू असते, तान्हं मूल असतं, कधी दिवसभर स्वयंपाकघरात उभी राहणारी सून.

सगळं मिटलं असं नाही. पॅसेजमधला दिवा काका अजूनही मागून फिरून बंद करतात, आणि सून अजूनही चिडते. मुलाचं गप्प राहणं तसंच आहे, तो पुढच्या महिन्यात एकटा येणार आहे. वेगळं राहायचा विषय तिनं सोडलेला नाही, मीही सोडायला सांगितलेलं नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, काका वही दाखवायला आले. पारा पंचेचाळीसवर, रोजचं रीडिंग आधीसारखंच. पानाच्या उजवीकडे मात्र पेन्सिलीनं एक नवा रकाना आखलेला होता. २७ मे: दुपारी ही दोन तास झोपली. २८ मे: दीड तास. २९ मे: लाइन गेली, झोप नाही.