पालकसभेला निघालेल्या थोरल्या भावास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी ज्वारीचं पीठ चाळत होते. तसाच हात पुसून वाचला. ‘बाई, आई-अण्णा ऊसतोडीला कारखान्याला गेलेत. शाळेतून पालकसभेचं बोलावणं आलंय. मी गेलो तर चालंल का? लोक हसतील का?’

जा. पुढच्या सतरंजीवर बस. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात मूल ज्याच्या देखभालीखाली आहे त्यालाही पालक धरलंय. त्याआधी 2002 साली घटनेत 86वी दुरुस्ती झाली आणि सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिकायची संधी देणं हे मूलभूत कर्तव्यांत आलं. तिथंही आईबापांच्या शेजारी पालक आहेच. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तुमच्या घरात तो तू आहेस. आजी आहे, पण तिला हजेरीपटातलं काय कळणार? हसणारे दोघं-तिघं असतीलच. त्यांची पोरं किती दिवस शाळेत येतात ते मुख्याध्यापकांना माहीत असतं.

आता घरातलं बोलू. तिसरीतल्या धाकट्याची मला फारशी काळजी नाही. तो मित्रांच्या ओढीनं आणि खिचडीच्या वासानं शाळेत जाईल. काळजी सातवीतल्या पोरीची. आई फडात गेली की चूल कुणाकडे येते? आजीचे गुडघे धरले की पाणी कोण भरतं? शेळी व्यायली की घरी कोण थांबतं? माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ऊसतोड न करणाऱ्या घरातल्या पोरीही गैरहजर राहायच्या, पण कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरींच्या हजेरीच्या रकान्यात दिवाळीनंतर ओळीनं फुल्या असायच्या. कुणी ‘शाळा सोड’ म्हणायचं नाही. आज धुणं, उद्या दळण, परवा बाजार, असं करत करत नाव कटायचं.

म्हणून पहिलं काम सांगते, त्याला कायद्याचं कलम लागत नाही. भाकरी थापायला शीक. पहाटे सोळाशे मीटर पळून येतोस ना पोलीस भरतीसाठी? मग काटवट पुढ्यात घ्यायला कसली लाज? पहिल्या आठ दिवसांत नकाशे होतील. होऊ दे. तू दोन वेळचं पाणी नि सकाळच्या भाकरी उचलल्यास की तिचा दहाचा टोल चुकणार नाही. तिनं घर सांभाळलं म्हणून तू अभ्यास केलास, असं व्हायला नको. तुझाही अभ्यास बुडवू नकोस, पण तो तिच्या जिवावर करू नकोस.

हंगामी वसतिगृहाच्या यादीत दोघांची नावं आहेत का, ते सभेतच विचार. पालक ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी ती सोय असते. सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं झालं की घरची निम्मी चूल विझते. दुपारचा पोषण आहार तर आहेच. तिसरीतल्या पोराला शंभर ग्रॅम तांदळाचं आणि सातवीतल्या पोरीला दीडशे ग्रॅमचं जेवण. ती घरी राहिली की तो दिवसही जातो आणि ताटही जातं.

पौषात एक फोन येईल. दरवर्षी येतो. ‘तान्हं सांभाळायला कुणी नाही, ताईला चार दिवस लावून दे.’ आईवर चिडू नकोस. फडाजवळच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, तान्हं टाकून पहाटे मोळ्या बांधायला जाणं कसं असतं, ते तुला मला सांगायची गरज नाही, तू त्याच पाचटात रांगलास. पण चार दिवसांचे अडीच महिने होतात, हेही तुला ठाऊक आहे. नाही म्हण. ‘परीक्षा आहे’ अशी थाप मारू नकोस. सरळ सांग: ताई शाळेत जाती, मी तिला पाठवणार नाही, तान्ह्यालाच इकडं धाडा, आजी आणि मी बघू. आणि अगदीच नाइलाज झाला, पोरगी गेलीच, तर शिक्षण हमी पत्रक घेतल्याशिवाय गाडीत बसवू नकोस. त्यावर तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला तिला त्याच वर्गात बसवावं लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. कागद मिळाला म्हणून पोरगी वर्गात बसली, असं मात्र धरून चालू नकोस. कोपीपासून शाळा लांब असते आणि कडेवर पोर असतं.

आरोग्याचं. इथं माझी एक चूक कबूल करते. एक मुलगी माझ्याकडे ओळीनं तीन वर्षं होती. फळ्यावरचं उतरवायची नाही. मी तिला ‘ढ’ म्हणून मागं बसवलं. मग तपासणीची गाडी आली आणि डॉक्टर म्हणाले, हिला फळा दिसतच नाही. तिच्या आईला चष्म्याचं सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाई, पोरीची जात, चष्मा लावला तर पुढं कसं?’ मी चारचौघांत तिच्यावर ओरडले. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी आणि दोघींचं एसटीचं भाडं, हे मी विचारलंच नाही. पुढच्या वेळी मी सोबत गेले. चष्मा झाला. मागं बसवलेली ती तीन वर्षं मात्र माझ्याच नावावर राहिली.

तेव्हा तपासणीचं पथक येईल त्या दिवशी दोघंही शाळेत हवीत. धाकटा टीव्हीच्या फार जवळ बसतो का, कान वाहतो का, हाक मारल्यावर दुसऱ्यांदा वळतो का, ते तूच बघणार. जंताची गोळी फेब्रुवारीत मिळेल, तेव्हा गैरहजर राहायचं नाही. ताईला दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवल्यावर घ्यायची, वर लगेच चहा नको. शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद करतात पोरी. तसं होतंच, अपाय नसतो, हे आजीकरवी सांग. महिन्यातले ते चार दिवस ती शाळा बुडवत असेल तर तू विचारू नकोस, संकोचेल. आशाताईंना घरी बोलाव आणि तू अंगणात थांब.

अभ्यास तुला घेता आला नाही तरी चालेल. वही उघडून ‘आज काय झालं?’ एवढं विचार, आणि रविवारी रात्री आई-अण्णांच्या फोनवर दोघांना दोन-दोन मिनिटं बोलू दे. आईला सांग, ‘जेवलास का’च्या जोडीला ‘शाळेत गेलतास का’ हेही विचारत जा. ती तिकडून एवढं करू शकते, आणि तिनं ते करावंच.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता. आजच्या शिक्षण हक्क कायद्यात आईबापांना दंड नाही. नोकरीच्या सुरुवातीला मला वाटायचं, दंड हवाच. आता वाटत नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशातून अजून काय कापणार?

सभेत शाळा व्यवस्थापन समितीचा विषय निघेल. तिच्यात पाऊण सदस्य पालकांतून घ्यावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कोयत्यावर गेलेल्यांचं त्यात कुणी आहे का, विचार. नसेल तर आजीचं नाव सुचव. ती नाही म्हणेल, मग हळूच तयार होईल, मी ओळखते तिला.

सही करताना वहीत ‘पाल्याशी नाते’ असा रकाना असेल. लाजून ‘वडिलांतर्फे’ वगैरे लिहू नकोस. ‘भाऊ’ असंच लिही.

तुझ्या बाई

ता. क. पीठ कोमट पाण्यात मळ, भाकरी चिरत नाही.