आयसीयूतल्या पेशंटचं व्हिटॅमिन डी कमी असेल तर मोठा डोस देऊन फरक पडतो का?

वडील आयसीयूत, रक्तातलं डी ९ (नॅनोग्रॅम/मिली) आलंय, तरी डॉक्टर मोठा डोस का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. डी कमी असलेल्या गंभीर पेशंटमध्ये मृत्यू जास्त दिसतात हे खरं. पण डी भरून काढल्याने ते टळतात, हे सिद्ध झालेलं नाही.

मुळात मोठ्या आजारपणात हा आकडा घसरतोच. सलाइनमुळे रक्त पातळ होतं, डी वाहून नेणारी प्रथिनंही उतरतात. त्यामुळे कमी डी हे कारण आहे की आजाराची खूण, हे नुसत्या रिपोर्टवरून कळत नाही.

ऑस्ट्रियात ग्राझला ४९२ पेशंटवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ साली आले. तोंडाने किंवा नळीतून एकदम ५,४०,००० युनिट! हॉस्पिटलातला मुक्काम काही घटला नाही. पण १२ किंवा त्याखाली डी असलेल्यांमध्ये हॉस्पिटलातले मृत्यू प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) घेणाऱ्यांतल्या ४६ ऐवजी २९ टक्के दिसले आणि सगळ्यांनी कान टवकारले. मग अमेरिकेत हजारावर पेशंटना तोच डोस किंवा प्लासिबो दिला (२०१९). ९० दिवसांतले मृत्यू: डी घेणाऱ्यांत २३.५ टक्के, प्लासिबोत २०.६. फायदा नाहीच, आणि डी किती कमी होतं यानेही काही बदललं नाही. माझ्या मते हाच पुरावा जास्त वजनदार.

नेहमीच्या प्रमाणात डॉक्टर डी देत असतील तर उत्तम. मेडिकलमधून ६०,०००ची सॅशे आणून परस्पर देऊ नका, कॅल्शियम वाढलं तर किडनीला नवा ताप.