प्रश्न तुमचे : बॉडी थकली, लेन्स अजून ठणठणीत

प्रश्न : बडोद्यात एका दैनिकात वीसेक वर्षं फोटोग्राफर आहे. निकॉन डी७०० कॅमेरा आणि जुनी ८०-२०० एफ २.८ लेन्स (डी वाली), दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलेलं, ऑफिस इक्विपमेंट देत नाही. ग्रिपचं रबर सुटलंय, अधूनमधून एरर येतो. मित्र म्हणतात लोन काढ आणि मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घे. पण आता रिपोर्टरच मोबाईलवर फोटो काढून पाठवतात, मग एवढे पैसे घालू की नको? (रावपुरा)

उत्तर : भाऊ, लोन काढू नका. तुमचा फोटो छापतो कुठे ते आधी बघा. डी७०० बारा मेगापिक्सेलचा, आडवा फोटो ४२५६ पिक्सेलचा निघतो, न्यूजप्रिंटला इंचामागे २०० पिक्सेल धरले तरी २१ इंच रुंद होतो आणि आपल्या पेपरचं अख्खं पान त्याहून अरुंद असतं, त्यामुळे मेगापिक्सेलसाठी एक रुपयाही घालायची गरज नाही.

आता एररचं. स्क्रीनवर नक्की कुठली अक्षरं येतात ते नीट बघा, कारण दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. ‘एफ-ई-ई’ येत असेल तर कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही, तुमच्या लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी कडी) २२ वरून हललेली असते, गर्दीत बॅग घासली की हलते, ती २२ वर आणून बारीक लॉक सरकवा, संपलं. पण ‘ई-आर-आर’ येत असेल आणि बटण परत दाबल्यावरही पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र शटरकडे (प्रत्येक क्लिकला उघडझाप करणाऱ्या पडद्याकडे) संशय जातो. निकॉनने हे शटर दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे, प्रेसवाल्याने रोजचे दोनशे धरले तरी अडीच वर्षांत तेवढे होतात, म्हणजे २००८ च्या मॉडेलचा तुमचा कॅमेरा केव्हाच त्यापुढे गेला असणार. तरी चालतोय हे चांगलंच आहे, पण कुठल्या दिवशी थांबेल ते सांगता येत नाही आणि तो दिवस नेमका विसर्जनाचा असू शकतो. क्लिकचा आकडा मेनूत दिसत नाही, फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) लिहिलेला असतो, तो काढून बघा. रबर चिकटवायला फेव्हीक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर बसतो. जुना गोंद साफ करून पातळ डबल टेप लावा.

दुकानदार सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट. तुमच्या ८०-२०० मध्ये फोकसची मोटरच नाही, बॉडीतली (म्हणजे कॅमेऱ्यातली) मोटर स्क्रूने तिचा फोकस फिरवते. निकॉनची मिररलेस बॉडी घेतलीत तर एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स जोडायच्या रिंगवर) लेन्स बसेल, एक्स्पोजरही बरोबर येईल, पण ऑटोफोकस बंद. नरसिंहजींच्या वरघोड्यात (देवाच्या वरातीत) मागून लोंढा येतोय आणि तुम्ही हाताने फोकस फिरवताय, हे होणार नाही, मग नवीन ७०-२०० लेन्स घ्यावी लागेल आणि लोन दुप्पट होईल. माझं स्पष्ट मत, लेन्स ठेवा आणि फक्त बॉडी बदला, तीसुद्धा सेकंडहँड. डी७५० बघा, २०१४ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, आत मोटर आहे, एसडी कार्डाचे दोन स्लॉट आहेत म्हणजे डी७०० ला लागणारं जुनं सीएफ कार्ड शोधत फिरायला नको. घेताना त्याचेही क्लिक तपासा. डी३००० किंवा डी५००० सिरीजमधली स्वस्त बॉडी मात्र घेऊ नका, त्यांत मोटर नसते.

लेन्सला जपा कारण तुमची खरी पुंजी तीच आहे. मागून टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर फंगस. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, त्यात लेदरच्या कव्हरमध्ये लेन्स बंद करून ठेवली की फंगसला आयतं घर मिळतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलला की गरम करून परत वापरायची, आणि ह्युमिडिटी दाखवणारं छोटं मीटर, आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू द्या. आणि सामान वरच्या फळीवर ठेवा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण बघितलंय. कॅमेरा भिजलाच तर चालू करून बघायचा मोह टाळा, आधी बॅटरी काढा आणि सर्व्हिसला न्या, तांदळात ठेवून काही फायदा होत नाही.

मोबाईलचं म्हणाल तर रिपोर्टरला फोटो मिळतो, हे खरं आहे. पण मांडवीत कुठल्या ओट्यावर उभं राहिलं की मिरवणूक समोरून येते, कुठला माणूस कोण आहे, दोनशे मिलिमीटरवरून चेहऱ्यावरचा भाव कसा पकडायचा, हे त्याच्या मोबाईलमध्ये नाही. फक्त वेगात मागे राहू नका, ओटीजी कार्ड रीडर (कॅमेऱ्याचं कार्ड मोबाईलला जोडणारा) खिशात ठेवा आणि जागेवरूनच दोन फोटो डेस्कला पाठवा.

प्रश्न : माझे बाबा प्रेस फोटोग्राफर होते, गेल्या वर्षी गेले. कपाटात निगेटिव्हचे डबेच्या डबे आहेत, काहींना व्हिनेगरसारखा वास येतो. पेपरवाले म्हणतात हे सगळं आमचं. खरं काय? (दांडिया बाजार)

उत्तर : ताई, आधी वासाचं, कारण ते थांबणार नाही. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचा बेस कुजायला लागला की हा वास येतो आणि तो सुटलेला अ‍ॅसिड शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही नासवतो. वास येणाऱ्या आजच वेगळ्या करा, प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटांत, कोरड्या आणि थंड जागी ठेवा, स्कॅन त्याच सगळ्यात आधी करा. झालेलं नुकसान परत येत नाही. पाकिटावर बाबांनी तारीख आणि जागा लिहिली असेल तर ते अक्षर फेकू नका, त्याचाही फोटो घ्या.

हक्काचं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे की बाबा पगारी नोकर होते आणि वेगळा करार नसेल, तर पेपर किंवा मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सगळ्या बाबतीत पहिला हक्क फोटो काढणाऱ्याचा, आणि तो वारसांकडे येतो. पुस्तक, प्रदर्शन, हे तुमच्या हातात आहे. ते स्ट्रिंगर (पगारावर नसलेले, कामापुरते पैसे घेणारे) असतील तर तुमची बाजू आणखी भक्कम. कागद शोधा आणि वकिलाला दाखवा, तोंडी कोणाला काही देऊ नका.

भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला आपल्याच बडोद्यात राहिल्या, इथेच २०१२ मध्ये गेल्या. त्यांनी १९७० मध्येच काम थांबवलं होतं, पण त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला म्हणून आज तो बघायला मिळतो. तुमच्या बाबांच्या डब्यांतही या शहराची बरीच वर्षं असतील, इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत जाऊन विचारा, जुनं काम बघायला आवडणारी माणसं तिथे भेटतील.

प्रश्न : नवीन आहे, १८-५५ ची किट लेन्स आहे, गरब्याचे फोटो काळेच येतात. (निझामपुरा)

उत्तर : अरे, ५० एमएम १.८ घे, किमतीला सोपी आहे. आयएसओ (सेन्सरची प्रकाश पकडायची क्षमता) ३२०० पर्यंत बिनधास्त जा आणि शटर १/२५० सेकंद ठेव. फ्लॅश सरळ तोंडावर नको, नाचणाऱ्याचे डोळे दिपतात. मैदानावर धूळ फार उडते, तिथे लेन्स बदलू नकोस. आणि कोणाचा जवळून क्लोजअप घेतलास तर विचारून घे, नाव नीट लिहून घे, डेस्कवर सगळ्यात आधी तेच विचारतात.